शेवटची नऊ पानं

१० फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज, अकराच्या तासाला, एम.ए. इंग्रजीच्या पेपर तीनच्या वर्गात. वेळ लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणावर ढकलता येणार नाही.

मॅडम टेस्टचे पेपर घेऊन आल्या. गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "कादंबरीतली नायिका शेवटी जहाजात बसून निघून जाते. परत येत नाही. माझ्या वर्गातल्या तेवीस जणांच्या पेपरात ती पुढच्या बंदरावर उतरते आणि परत येते. एकोणीस जणांच्या पेपरात ती आणि नायक संत्र्याच्या बागेत भेटतात. त्या बर्फाच्या मुलखात संत्री कुठून आली?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "'प्रज्ञा नोट्स'मध्ये तसंच आहे, मॅडम."

"प्रज्ञा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

प्रज्ञा उभी राहिली. त्या नोट्स माझ्या, अक्षर माझं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव घेतलं नाही. नुसती उभी.

मला 'मी लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं : "मी लिहिला तो शेवट. पुस्तकातला बेकार होता म्हून दुरुस्त केला. अन् वर्गात पुस्तक कोनी उघडत नाही, हे तुम्हाले आज समजलं काय?"

"बाहेर हो."

"चाललोच. येत बी नाही आता."

दार असं आपटलं की आतल्या बाजूची हजेरीची यादी खाली पडल्याचा आवाज आला. जिना उतरून सरळ गेटबाहेर.

११ फेब्रु.

गेलो नाही. झालं कसं, ते एकदा स्वतःलाच नीट सांगतो.

पुस्तक एकानं वाचायचं, बाकीच्यांनी त्याच्या नोट्स वाचायच्या, हे आमच्याकडे चालतच आलंय. प्र. (प्रज्ञा) सकाळी मुलांची ट्युशन घेते, अकरापासून कॉलेज. म्हणाली, "मले गोष्ट लिहून दे ना. अन् रडकी असली त शेवट सांगू नको बाप्पा, टेस्टच्या आधी रडायले टाइम नाही मले." मी चाळीस पानं लिहिली. एका बाजूला इंग्रजी, समोर आपल्या मराठीत. ती गेटवरच्या झेरॉक्सवाल्या भाऊकडे घेऊन गेली. चांगल्या नोट्स दिसल्या की भाऊ एक सेट आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि जो घेऊन आला त्याचं नाव टाकतात. झाल्या 'प्रज्ञा नोट्स'.

पहिली एकतीस पानं खरी आहेत. बत्तिसाव्या पानावर नायिका जहाजात चढते आणि तिथे माझं पेन अडलं. त्याच आठवड्यात प्र.ने हैदराबादला पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला होता. फॉर्मवरचा फोटो मलाच दाखवला, कोणता चांगला म्हणून.

मी नायिकेला पुढच्या बंदरावर उतरवलं. बाग आमची, नरखेडकडची. विहिरीसकट.

१३ फेब्रु.

खोली शहराच्या कडेला, वाडीत आहेच. समोरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागलो. मुनीम पांडेजी. चष्मा कपाळावर, पान तोंडात. "एम.ए. इंग्लिश? बढ़िया. खोके पे क्या लिखा है, पढ़ के बता."

वाचलं. लिहिलं होतं, ही बाजू वर ठेवा.

दीड वर्षाचा अभ्यास कामी आला.

१४ फेब्रु.

प्र.चा फोन नाही. मी पण केला नाही. असो.

१७ फेब्रु.

प्र. आली. स्कूटीवर, ट्रकांच्या रांगेतून, ओढणी तोंडाला बांधून. गोदामाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, टेस्टच्या मार्कांचं वाईट वाटतं.

"तुले काय वाटलं, मार्कासाठी रागावली मी?"

"मंग?"

"तो शेवट मले झेपला नसता काय? तू काहून ठरवलं?"

"तूच म्हणाली होती ना वं, रडकी नको म्हून."

"गमतीत म्हटलं होतं. अन् तुलेबी माहीत होतं."

होतं माहीत. मागे एक ट्रक रिव्हर्स घेत होता, क्लीनर डबा वाजवल्यासारखा ओरडत होता.

"रविवारी बसून वाचलं मी आख्खं पुस्तक," ती म्हणाली. "ती जाते. चांगली जाते. मी हैदराबादले निघाली त काय करशील? रस्त्यातच बल्लारशाले उतरवशील काय मले?"

हसली नाही म्हणताना. मला हसू आलं आणि ते चुकीच्या वेळी आलं.

मग निरोप दिला. मॅडमनी माझं नाव काटलं नाही. गुरुवारी, सव्वीसला, अकराच्या तासाला जायचं, माफी मागायची आणि वर्गाला खरा शेवट समजावून सांगायचा. नाही गेलो तर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही.

"माफी कायची? मी काय खोटं बोललो त्याहिले?"

तिनं पेला ठेवला, ओढणी बांधली. "तू त दार आपटून निघून गेला. मी अर्धा तास उभी होती."

स्कूटी वळेपर्यंत मी तिथेच. चहाचे पैसे पण तिनंच दिले होते.

१८ फेब्रु.

अर्धा तास.

२० फेब्रु.

दुपारी माल नव्हता. पांडेजी म्हणाले, "वो किताब की कहानी बता, जिसके चक्कर में तू यहाँ पड़ा है."

सांगितली. समुद्रकाठचं गाव, शाळामास्तरीण, होड्या बांधणारा तो. तिला मोठ्या शहरातली नोकरी मिळते. पांडेजी खोक्यावर पाय घेऊन ऐकत होते. मध्येच चष्मा खाली आला. खरा शेवट पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितला : जहाज सुटतं, तो धक्क्यावर उभा आहे, ती वळून पाहत नाही. खाली वाकून बुटाचे बंद सोडत असते, सकाळपासून बूट चावत असतो म्हणून. पुस्तक तिथेच संपतं.

"लौटी?"

"नहीं."

पांडेजींनी पान गालात सरकवलं. "एक बात बता. लड़के ने उससे पूछा था कभी? जाना है क्या, कैसा लग रहा है, कुछ?"

आठवून पाहिलं. एकशे ऐंशी पानांत तो तिला सगळं देतो. होडी देतो, घर देतो, शब्द देतो. विचारत मात्र एकदाही नाही.

"फिर ठीक गई," पांडेजी म्हणाले आणि उठून थुंकायला गेले.

मी हा मुद्दा कुठल्याच गाईडात वाचला नव्हता. प्र.ला फोन करून सांगावंसं वाटलं. नंबर काढला. ठेवला.

२३ फेब्रु.

बाबा आले. मृगबहाराची फळं उतरवणं चालू आहे, तरी एसटीनं थैलीभर संत्री घेऊन आले. खोलीला कुलूप, शेजाऱ्यानं गोदाम दाखवलं. दुपारचे बारा, मी हमालांसोबत खोकी मोजत होतो.

"आज कॉलेजले सुट्टी आहे काय गा?"

सांगून टाकलं. बाबा रागावतील वाटलं होतं. माझा ताव त्यांच्याकडूनच आलाय, आई नेहमी म्हणते. त्यांनी आधी पांडेजींना चार संत्री दिली, मग माझ्याजवळ बसले.

"इंग्रजीचं मले समजत नाही. बाईले वाकडं बोलला काय?"

"हो."

"भर वर्गात?"

"हो."

"मंग माफीबी भर वर्गातच लागते ना." थोड्या वेळानं म्हणाले, "बागेचं काय लिहिलं होतं तू?"

विहिरीजवळचं तिसरं झाड लिहिलं होतं, ज्याला आंबट संत्री येतात ते. बाबा खूष झाले. "त्याचं नाव इंग्रजीत गेलं म्हणजे." परत जाताना एसटीच्या खिडकीतून पण हसत होते.

२४ फेब्रु.

नऊ पानं नव्यानं लिहिली. ३२ ते ४०. दोनदा फाडली. बुटाचे बंद सोडायची ओळ इंग्रजीत इतकी साधी आहे की मराठीत आणली की तिला काहीतरी जोडावंसं वाटतं. जोडलं नाही.

२५ फेब्रु.

गोदामातून दोन तास सुट्टी घेतली. गेटवर झेरॉक्सवाल्या भाऊकडे गेलो. म्हटलं, पेपर तीनच्या जुन्या नोट्सची शेवटची नऊ पानं काढा, ही टाका.

"काहून गा? त्या त लय चालते. एक पोरगी त नेटची परीक्षा पास झाल्यावरबी घेऊन गेली, घरी आईले वाचून दाखवतो म्हणे."

"चुकीच्या आहेत त्या, भाऊ."

"चुकीच्या असन, पन बरं वाटते वाचून." नवीन पानं हातात घेऊन शेवटचं वाचलं. "हे काय, ती जातेच?"

"जाते."

भाऊंनी जुनी पानं फाडली नाहीत. ड्रॉवरच्या तळाशी सरकवली. वरच्या पानावरचं 'प्रज्ञा' खोडायला लावलं मी आणि माझं नाव घालायला लावलं. उद्या कोणी हसलं तर मला हसावं.

एक सेट प्र.च्या ट्युशनवाल्या घरी देऊन आलो. ती आत मुलांकडून पाठ वाचून घेत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. चुकलेल्या मुलाला ती रागावत नाही. तीच ओळ पुन्हा वाचायला लावते, फक्त हळू. दारातल्या आजींकडे पानं दिली आणि निघालो. दोन मिनिटं जास्त थांबलो, ते लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळचे साडेनऊ. पांडेजींनी अर्धी सुट्टी दिली. "रोना मत वहाँ," एवढंच म्हणाले.

आठ वाजता प्र.चा मेसेज. "वाचलं." पाच मिनिटांनी दुसरा. "हॉल तिकीट आलं. हैदराबाद. पुढच्या महिन्यात."

तीन उत्तरं लिहून पुसली. एकात ऑल द बेस्ट होतं, एकात भांडण, एकात जे दीड वर्ष लिहिलं नाही ते. शेवटी एवढंच पाठवलं : "जावंसं वाटते काय तुले? खरं सांग. मी काहीच बदलत नाही."

दोन निळ्या खुणा आल्या. टाइप करून राहिली, असं दिसलं. मग बंद झालं. पुन्हा दिसलं. पुन्हा बंद.

मॅडमना काय म्हणायचं ते पाठ केलं होतं, आता पहिलं वाक्यच आठवतंय. पुरेल. हजेरीची यादी परत लावली असेल का कोणी, की मलाच लावावी लागेल.

फोन खिशात टाकतो. तास झाल्यावरच बघीन.

खोलीचं दार खाली बसलंय, आपटल्याशिवाय लागत नाही. खालून थोडं उचललं तर लागतं, हे पांडेजींनी दाखवलं परवा. वही गादीखाली. उचलून लावतो आणि निघतो.