पाळण्याचा आकडा

नळदुर्ग, मंगळवार, ४ नोव्हेंबर १९५८

आज शिवाच्या धाकट्या भावाच्या, मल्लाप्पाच्या पोराचं बारसं होतं. पाळणा बांधायला मलाच बोलावलं. "शिवादादाचे दोस्त तुम्ही, तुमच्या हातानं होऊ द्या," मल्लाप्पा म्हणाला. नाही कसं म्हणू?

तुळईच्या कडीत आकडा अडकवला. ओढून पाहिला. परत ओढला. बायका बाळ घेऊन खोळंबल्या, तरी हात सुटेना.

लढाईत ब्रह्मदेशावर उड्या मारल्या, त्या सकाळी विमानात शिवा माझ्या पुढंच उभा होता. छत्रीचा पट्टा डोक्यावरच्या तारेला आकड्यानं अडकवायचा. उडी घेतली की तो ताणला जाऊन छत्री उघडते. पुढच्याचा आकडा मागच्यानं ओढून बघायचा आणि मग त्याच्या पाठीवर थाप मारायची. मी नुसती थाप मारली. भ्यालो होतो, डोळे दाराकडं. शिवा गेला, आणि तारेला अडकून राहायला हवा होता तो पट्टाही त्याच्या मागोमाग बाहेर गेला.

छत्रीच खराब निघाली, असं मी त्याच्या आईला सांगितलं. तेरा वर्षं झाली. अजून तेच सांगतो.

आज चौथ्यांदा आकडा ओढला तशी तीच म्हातारी हसली. "किती बार बघतोस रे बाबा? एकदा बघितलं की बास."

एकदाच बघायचं होतं.

मग बाळ पाळण्यात घातलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, शिवा, आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीवर थापा मारल्या. त्या आवाजासरशी मी धावलो आणि आकडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.