दामूचा झेल

मोरवा, भाईंदर. नोव्हेंबर १९७१, संध्याकाळ.

दुपारी गिरगावातून कार्ड आलं. दामू गेला. त्याच्या मुलाने लिहिलंय, "बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे. स्लिपमध्ये असे हात पुन्हा पाहिले नाहीत म्हणायचे."

हे हात! संघ निवडण्यासाठी झालेल्या सामन्यात समोरून खेळणाऱ्या दामूचा झेल मी जमिनीवरून उचलला होता. चेंडू गवताला टेकला होता, माझ्या बोटांना कळलं होतं. तरी मी अपील केलं. पंचांनी बोट वर केलं आणि दामू माझ्यावर विश्वास ठेवून निमूट परत गेला. निवड करणारे समोरच बसले होते. मला संघात घेतलं. त्याला पुन्हा कुणी बोलावलंच नाही.

सांगून टाकायचं म्हणून दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. का? तो हसून बोलला म्हणून?

आज शेवटी सूनबाईला सांगितलं. मासळी साफ करता करता ती म्हणाली, "मामंजी, खेळच तो! आता कोणाला काय त्याचं?"

खरंय. चेंडू टेकला होता हे ऐकून माझ्यावर चिडेल, असा माणूसच उरला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा झालोय. सांगायला पन्नास वर्षं होती माझ्यापाशी.