हंगाम सरल्यावरची खोली

ता. ४ सप्टेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? भावजयीचा खोकला थांबला का? भाचीचा ताप उतरला ना? माझे गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीनचं पायडल अजून ऐकतं.

आपली धाकटी तुझ्या लॉजवर आठ दिवस राहून आली. सहा पानी पत्र धाडलंय तिने. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही म्हणे. होडीवाल्याने नवरा-बायको दोघांनाच सावकाश फिरवलं, बेकरीवाला खुर्ची देऊन गप्पा मारत बसला. आणि तू त्यांना बाल्कनीची खोली दिलीस, चहासुद्धा स्वतः वर नेऊन दिलास.

वाचून पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. शाळेत शिवण शिकवणारी मी, मला सुट्टी ऐन गर्दीत, मे महिन्यात. चारदा आले आणि चारही वेळा गाद्यांच्या कोठीत निजले. समुद्र दिसला तो गच्चीवर चादरी वाळत घालताना. लाडकी कोण, ते समजलं.

लोभ कुणावर किती, ते तूच ठरव.
तुझी ताई

ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळे बरे आहेत, कंबर तेवढी रुसली आहे, तुझ्यासारखी.

ताई, तू येतेस आणि पाणी प्यायच्या आधी खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढून कमरेला खोचतेस. मला वाटायचं, तुला आवडतं. धाकटी पाहुणी, तू घरची. मे महिन्यात तू दारात दिसलीस की मी सुटलो म्हणतो.

राग ओसरला की आशीर्वाद पाठव.
तुझा भाऊ

ता. १५ सप्टेंबर

चि. भाऊस आशीर्वाद.

खरं आहे, जुडगा मीच घेते. तुझी धावपळ बघून मला बसवत नाही. पण चार मे गेले, एकदाही ‘ताई, ठेव तो’ म्हणाला नाहीस. घरची होऊन कंटाळले रे. आता जरा परकी कर मला.

महिनाअखेरीस शाळेतून निवृत्त होते आहे. ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी, तुझ्याकडे गर्दी नसते, तेव्हा आठ दिवस यावं म्हणते.

येऊ का, असं तुला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. पाहुणे विचारतात, म्हणून विचारते आहे. उत्तर लवकर लिही.

तुझी ताई