बाबांनी न सांगितलेली जागा

३ ऑक्टोबर
आले एकदाची! डोंगर दिसले आणि जीव हलका झाला. सासरे, गेन्साकुबाबा, स्टेशनवर घ्यायला आले होते. माझी बॅग हिसकावून घेत त्यांनी चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, की शहरातल्या सुनांना अळंबी म्हणजे बाहुलीची छत्री वाटते. मी हसले, वर्षभरात पहिल्यांदा. लोक विषारी अळंब्या खाऊन आजारी पडतात, म्हणून नगर कार्यालयाला ओळख पटवणाऱ्या तक्त्यासाठी माझ्याकडून फोटो हवे आहेत. निमित्त बरं मिळालं. माझा नवरा तोमोहारु गेल्या ऑक्टोबरात याच डोंगरात गेला तो परत आला नाही. मला त्याला घरी न्यायचंय, त्याचं जे काही उरलं असेल ते.

५ ऑक्टोबर
आज अकरा जाती झाल्या. आधी वरून फोटो, मग पोटावर पडून देठाचा, मग मुळासकट उपटून, उलटी करून. बुंधा मातीत राहिला तर ओळख चुकते आणि जिवावर बेततं. बाबा शेजारी बसून नावं सांगतात, चुकले की टोमणा मारतात. उत्तरेच्या सगळ्या उतारावर मला फिरवलं. गेल्या वर्षी शोधपथकही तिथेच फिरलं होतं. दक्षिणेच्या कड्याखाली काही उगवत नाही म्हणाले. मग सोन्याच्या भावाने विकली जाणारी मात्सुताके अळंबी कुठून आणता, असं विचारलं तर त्यांना ऐकूच आलं नाही.

८ ऑक्टोबर
सकाळी बाबा टोपली घेऊन निघाले, तशी मी लपतछपत मागे गेले. ते दक्षिणेलाच गेले. ते परतल्यावर मी कड्याखाली उतरले. लाल पाइनखाली मात्सुताकेच मात्सुताके. पण त्या नेहमीसारख्या गोल रिंगणात उगवल्या नव्हत्या. डोकं, खांदे, दुमडलेला एक गुडघा. तोमोहारु असाच झोपायचा.
माझा कॅमेरा माणसाचा चेहरा दिसला की पिवळी चौकट दाखवतो. ती पाचोळ्यावर लागली. मी जागा बदलली. पुन्हा तिथेच.

९ ऑक्टोबर
बाबांना फोटो दाखवला. त्यांनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाले, "ही मात्सुताकेची जागा आमच्यात पोटच्या पोरालाही सांगत नाहीत गं. तो माझ्या मागे आला होता, ठाऊक होतं मला. वाटलं, येईल आपल्या पायांनी. म्हणून पथकाला उत्तरेला धाडलं."
तिसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. तोमोहारुचा पाय मोडलेला. जीव गेलेला, पण अंग अजून कोमट होतं. मग कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून वर पाचोळा ओढला.
मी त्यांना मारलं. त्यांनी हात आडवा केला नाही.

११ ऑक्टोबर
पुन्हा गेले. चौकट लागली. फोटो काढला, तर कॅमेऱ्याने सूचना दिली: डोळे मिटलेले आहेत.
मी त्याला हाक मारली.
पुढच्या फोटोला सूचना आली नाही.

१२ ऑक्टोबर
माती उबदार आहे. हात ठेवला. अळंबीचे पांढरे तंतू बोटांत शिरले — सुटत नाहीत. सोडवावेसे वाटतही नाहीत. तीन दिवस तू वाट बघत होतास आणि मी तिकडे, उत्तरेला, तुझं नाव ओरडत —

१३ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितेय. उजवा त्याने धरलाय.
पोलिसांसाठी जागा लिहून ठेवते — दक्षिणेचा कडा, खाली ओढा, तिथून तिसऱ्या पाइनच्या —
फावडी आणतील. ढेकळाढेकळाने उपसतील त्याला —
खोडलं. उत्तरेचा उतार असं लिहिलं.
बाबा वरून हाका मारतायत. रडतायत. ओ द्यायची नाही. तू झोप, मी इथेच तुझ्या —