बसून पाह्याले माणूस

पिंपळगाव राजा
शनिवार, १७ ऑक्टोबर १९६४

शारदा हिस,

पत्र पाहून दचकू नको. मी जिती आहे, आणि अक्षर माहंच आहे. दुसरी शिकलेल्या बाईचं जसं असते तसं आहे, वाचून घेजो.

इकडे सगळं ठीक. परवा दसरा झाला. शेजारची आशाबाई सोनं देऊन गेली आणि दोन कप चहा पिऊन गेली, म्हणजे नफ्यात तीच राह्यली. कपाशी यंदा बरी आहे म्हणतात. शेळीले दोन पिल्लं झाली. गुडघा दुखते, पण या वयात त्याले दुसरं काम तरी काय आहे. तुम्ही तिकडे बीबी गावाले बरे असाल.

पत्राचं कारण वेगळं आहे. गाडी जाऊन राह्यली.

वामनराव डॉक्टरांची डोळे तपासायची गाडी. आठ वर्षं आपण तिच्यात महिना महिना राह्यलो. तुह्या बापाच्या हाती चाक, मागं माहा स्टो आन् भांडे, आन् रात्री दोन्ही लांब शिटा जोडल्या की त्याचीच खाट. रोहिणखेडच्या शिबिरात तू त्या शिटेवरून पडली होती, हनवटीवर खूण असेल अजून. डॉक्टर वारले तवापासून गाडी आपल्या आवारात लिंबाखाली उभी असते. आता त्यांचा वैजनाथ डॉक्टर झाला. तो दिवाळीच्या पाडव्याले गाडी नेणार आणि बापासारखी शिबिरं भरवणार. येऊन पाहून गेला. इंजिन चांगलं निघालं, शिटा पाहून मात्र त्यानं नाक धरलं. कोंबड्या अंडे घालत होत्या तिथं. नागपुराहून नव्या करून आणतो म्हणाला. मी म्हटलं, बापू, ह्या शिटा तुह्या बापाच्या वेळेस मी भरल्या. नागपुराले कोण बसलं आहे यांच्यावर? हसला आणि ठेवून गेला.

तर सध्या ते काम चालू आहे. वरचं रेक्झीन पापडासारखं तडकलं. आतला काथ्या, हातात घेतला की भुकटी. स्प्रिंगा अर्ध्या वाकड्या, एक तर कापडातून बाहेर येऊन डोकं काढून बसली होती. त्या सगळ्या सुतळीनं एकीले एक बांधल्या, चारी बाजूनं सारख्या उभ्या राह्यल्या पाह्यजे. वर तरट, तरटावर नवा काथ्या, मग पिंजलेला कापूस. पहिल्या शिटेत मी चूक केली. काथ्या आणायचा कंटाळा, म्हणून खामगावच्या पिंजाऱ्याकडून कापूसच जास्त आणला आणि गादीसारखी ठासली. बसली तर खाली लोखंड लागलं. गादी जमिनीवर निजते, शीट धक्के खाते, हे या वयात मले पुन्हा शिकावं लागलं. उसवली, पुन्हा भरली.

भरणं जमते वं. पण बसून पाह्याले माणूस लागते.

तुले आठवत असेल. एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं उघड्या बाजूनं आत हात घालून चाचपायचं. जिथं बसणारा खचला तिथं मूठभर अजून. तू बसायची आणि मी हात घालायची. गुदगुल्या होतात म्हणून तू उड्या मारायची आणि माह्या शिव्या खायची. आता बसते ती मीच आन् हात घालते ती बी मीच, आणि उठून हात घालेपर्यंत खड्डा भरून येते. आशाबाईले बसवलं. ती हरभऱ्याच्या पोत्यासारखी एका जागी बसते आणि सुनेचं सांगत राह्यते, माहा हात आत आहे हेच विसरते. मग ज्वारीचं पोतं ठेवून पाह्यलं. पोतं माणसासारखं हलत नाही. तरी लांब शिटा दोन्ही झाल्या. समोरच्या दोन राह्यल्या होत्या. चाकाजवळची तुह्या बापाची, आणि बाजूची.

तुह्या बापाची शीट मी परवा दसऱ्याच्या दिवशी उसवली.

तिच्यात काय होतं हे तुले माहीत नाही, असं मी आजवर समजत होती. सांगून टाकते. तू अनंत कंपाउंडरसंग गेली, ते साल त्रेपन्न. आपल्या जातीचा नाही, आपल्याच गाडीत मागच्या शिटेवर निजणारा, माह्या हातची भाकर खाणारा. मी भर दुपारी विहिरीवर जाऊन तुह्या नावानं आंघोळ केली. ते गावानं पाह्यलं, तुह्याही कानावर आलं असेल. मेल्या माणसाचे कपडे वाटून टाकतात. तुहे वाटले असते तर गावातल्या पोरी ते नेसून माह्या डोळ्यासमोर फिरल्या असत्या. म्हणून मी ते शिटेत भरले. हिरवं पातळ, निळं पातळ, दोन परकर. कापले नाही, घड्या घालून भरले. घडी सपाट बसते म्हणून. तुह्या बापाले सांगितलं नाही. अकरा वर्षं तो माणूस त्याच्यावर बसून गाडी चालवत राह्यला, आणि मी बाजूले बसून मनात म्हणायची, चालव.

परवा उसवायले घेतली तर तीन बाजूले माहा टाका. चौथ्या बाजूले पोत्याचा टाका, सुतळीचा, लांब लांब, ड्रायव्हर लोक ताडपत्री शिवतात तसा. आत निळं होतं, परकर होते. हिरवं नव्हतं. त्याच्या जागी त्यांची दोन धोतरं होती, तेवढीच जाड घडी करून, शीट वरून सपाट दिसावी म्हणून.

डॉक्टर गेल्यावरही ते महिन्यातून एकदा गाडी काढून बीबीकडे जायचे. मी विचारलं की म्हणायचे, लांब चालवली नाही तर इंजिन धरते. मी पेट्रोलाच्या नावानं बोटं मोडायची. इंजिन खरंच चांगलं निघालं, वैजनाथनं सांगितलं ना.

आता राह्यलेलं लिहिते. तुहा बाप चैतात गेला. तुले तार केली नाही. राग होता म्हणू नको, त्या दिवसात रागालेही ताकद लागते. जिच्या नावानं आंघोळ केली त्या पोरीले तार कशी करावी, एवढंच मनात होतं. शेवटच्या दिवशी ते मले म्हणाले, "तिले कळव वं."

मी म्हटलं, "कोणाले?"

ते म्हणाले, "प्रतिमाले बी आणायले सांग."

हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेजारी बसलेल्या बायाले मी सांगितलं, ताप डोक्यात गेला, काहीच्या बाही बोलून राह्यले.

तुले कोणी कळवलं ते मी विचारत नाही. दहाव्याच्या दिवशी पुरुष नदीवर गेले. घरात बाया रडत होत्या, त्यात आपल्या माणसासाठी कमी आणि आपापल्या दुःखासाठीच जास्त. मी उठून गाडीत जाऊन बसली. काचेतून एस्टीचा थांबा दिसते. एक बाई उतरली. संग एक पोरगी होती, आठ-नऊ वर्षांची, लांब मानेची. ती बाई आवाराच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच उभी राह्यली, परतीची एस्टी येईपर्यंत. नंतर आशाबाई म्हणाली, शारदासारखी कोणी दिसली वं. मी म्हटलं, तुह्या डोळ्यात मोतीबिंदू पडला, डॉक्टर असते तर काढला असता.

मी पाह्यलं होतं तुले. माह्या डोळ्यात मोतीबिंदू नाही. दरवाजाच्या कडीवर हात ठेवून बसली होती. कडी उघडली नाही.

त्या दिवशी तू हिरवं नेसली होती. हिरवे पातळ जगात लई असतात, असं मी सहा महिने मनाले सांगितलं. पण त्या पातळाचा जुना काठ फाटला तवा माह्या लुगड्याचा जांभळा काठ मीच त्याले जोडला होता. तसं ध्यान दुसरीकडे सापडणार नाही. परवा शीट उसवली आणि मनाले सांगायले काही राह्यलं नाही. अकरा वर्षं मी समजत होती का या घरात तुले मेली धरणारे आम्ही दोघं आहो. मी एकटीच होती.

असो.

तुह्या बापाची शीट पुरी झाली. धोतरं पुन्हा आत घातली, त्यांची जागा आहे ती. गाडी शिबिरात फिरेल तवा तेही फिरतील. निळं पातळ आणि परकर धुऊन बॉनेटवर वाळवले, घडी करून ठेवले आहेत. कापड अजून घट्ट आहे. तुले नाही आवडलं तर पोरीले घागरा होईल. हिरवं आता विरलं असेल, ते नेसून येऊ नको. लोक म्हणतील दुसरं नाही.

येऊ नको लिहिलं, म्हणजे ये हे समजून घे. तेवढी हुशार तू होती.

पाडव्याले अठरा-एकोणीस दिवस आहेत. बाजूची शीट भरून ठेवली, एक बाजू शिवली नाही. कापूस, काथ्या सगळं जवळ आहे, सुई दोऱ्यासकट तिथंच खोचून ठेवली. पोतं मी आता त्या शिटेवर ठेवत नाही. आशाबाईलेही नाही म्हटलं. पोरीले घेऊन ये, ती बसू दे, मी हात घालून पाहीन. उड्या मारत असेल तर शिव्या खाईल, आधीच सांगून ठेव. अनंतले यायचं असलं तर येऊ दे. तो कंपाउंडर होता तवापासून त्याले चहात साखर जास्त लागते, माह्या ध्यानात आहे.

नाही आली तर पाडव्याच्या सकाळी मी ती बाजू शिवून टाकीन. गाडी उघड्या शिटेनं देता येत नाही.

पोस्टमास्तर पत्ता लिहून देत होता. नावाआधी काय लिहू, चि. का सौ., असं त्यानं विचारलं. मी पाकीट त्याच्या हातून घेतलं आणि सौ. स्वतः लिहिलं. शाई थोडी पसरली आहे.

जिच्या नावानं आंघोळ केली तिले पत्र लिहीत नसतात. हे लिहिलं आहे.

तुही माय
वच्छलाबाई उकंडराव