चार नंबरचा डबा

नागपूर, ता. ४ ऑगस्ट १९७४

चि. प्रेमिला हीस बाबांचा सप्रेम जयभीम.

वि. वि. गेल्या महिन्यात माझ्या हातचं झालं ते असं : टॉकीजसाठी बावीस फुटी बॅनर एक, त्याची सागवानी चौकट, बांबूची शिडी, घोड्याच्या शेपटीचे ब्रश दोन आणि चेहऱ्याच्या रंगाचे चार डबे. झाकणावर नेहमीचेच आकडे घातले. एक नंबर नायिकेचा, दोन नायकाचा, तीन आईबापांचा, चार गुंडांचा. शाळा चौथीपर्यंत, उस्ताद कोणी नाही. पण सफेदा किती अन् गेरू किती, यात गुंजेचा फरक पडत नाही. तुझी आई म्हणते, पोरीला पत्र लिहून राहिले की रंगाचं बिल. अभ्यास कळव.

तुझा बाबा
देवाजी पेंटर

औरंगाबाद, ता. ११ ऑगस्ट

ति. बाबांना सप्रेम जयभीम.

तुमच्या डब्यांनी माझं कामच केलं. मानसशास्त्राच्या सरांनी निबंध दिला आहे : सिनेमा पाहून मूल स्वतःला काय समजतं. सहा वर्षांची असताना, तुम्ही शिडीवर होतात तेव्हा, मी चारही झाकणं उघडून मनगट लावून पाहिलं होतं. जुळला तो चार नंबर. त्या रविवारी पडद्यावर डाकू मेला, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि मी एकटी रडले. आईने विचारलं, काहून रडतं वं. डोळ्यात कचरा गेला म्हणाले.

हे निबंधात तुमच्या नावासकट लिहू का? ता. २ सप्टेंबरला वर्गापुढे वाचायचा आहे. तुम्ही नाही म्हणाल तर दुसरं काही लिहीन. रागावू नका, रागावलात तरी चिवडा पाठवा.

तुमची
प्रेमिला

नागपूर, ता. २६ ऑगस्ट

चि. प्रेमिला हीस सप्रेम जयभीम.

दोन दिवस रागावलो होतो. लोकांना गोरंच लागतं, यात पेंटरचा काय दोष, असं तुझ्या आईला ऐकवलं. तिने आपलं मनगट माझ्या मनगटाशेजारी धरलं अन् म्हणाली, तुमचाबी चारच नंबर आहे गा, घरात गुंड किती ते मोजा. मग मी मोजलं. बावीस वर्षांत चार नंबरचा माणूस मी बॅनरच्या मध्यभागी एकदाही उभा केला नव्हता. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा जुनं सगळं टाकलं समजत होतो. डबे तेवढे राहून गेले.

नवीन सिनेमात नायिका जंगलातली आहे. फोटोत तिला काळं फासलंय, पण कानामागे रंग पोचलाच नाही. असलं अर्धवट काम मला चालत नाही. तुझ्या आईला अंगणात उन्हात बसवून रंग ताडून घेतला, अख्खा चार नंबर संपवला. कानामागेसुद्धा.

शुक्रवारी बॅनर टॉकीजवर चढला अन् बाजाराला जाणाऱ्या बाया थबकल्या. संत्र्यावाल्या सिंधूताई म्हणाल्या, हे तं माह्या सुनेसारखी दिसते, अन् सुनेला घेऊन तिकिटाच्या रांगेत लागल्या. तुझी आई तेव्हापासून रोज बाजाराला टॉकीजवरूनच जाते.

नाव घाल. पूर्ण घाल. चिवडा सोबत आहे. बाबावरचा जीव असाच घोटून दाट ठेव.

तुझा बाबा
देवाजी पेंटर

ता. क. काल रामदासपेठेतून वितरकाचा माणूस मोटारीने आला. म्हणाला, नायिका गुलाबी करून द्या. अख्ख्या बॅनरचे मला नव्वद मिळतात; नुसता चेहरा बदलायचे तो जास्त देत होता. मी नाही म्हटलं. निबंधात नाकारलेला आकडा अक्षरात लिही : रुपये तीनशे फक्त.