थांबलेला पाय

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळचे ७.२०. कल्याणला घरी, डबा घासून लिहायला बसलोय.

घोडबंदरच्या ऑफिसात मी बाळांच्या व्हिडिओंत घोट्यांवर, गुडघ्यांवर ठिपके लावतो. त्यावरून कॉम्प्युटर शिकतो, बाळं कशी हलतात, कशी शिकतात. आज चार महिन्यांची एक मुलगी होती. तिच्या पायाला बांधलेली रिबीन वर टांगलेल्या खुळखुळ्याला जोडलेली. तिने पाय झाडला, खुळखुळा वाजला. पुन्हा झाडला. आणि थांबली. अर्धं मिनिट पाय तसाच, डोळे मोठे. मग एकदाच, हळूच, मुद्दाम हलवला.

तो थांबलेला पाय! असले भाग रिकामे समजून मी तीन आठवडे कापत आलोय. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच काम नीटनेटकं हवं होतं. नोकरी जाईल का?

शेवटी आमच्या मॅडमना सगळं सांगून टाकलं. "हा भाग रिकामा नाही, मॅडम. ती विचार करतेय."

"मामा लागतोस का रे तिचा?" त्या हसल्या. मग तो भाग दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "मूळ व्हिडिओ आहेत आपल्याकडे. कापलेलं सगळं परत लाव."

म्हणजे तीन आठवड्यांचं काम पुन्हा. चालेल. पण तो पाय डोळ्यांसमोरून जातच नाही. उद्यापासून प्रत्येक बाळाला हवं तेवढं थांबू द्यायचं.